वजनाचा वर्ग

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या पत्रात विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ मोती झाले होते, सरदार मोहरा झाले होते आणि पडलेले हजारो शिपाई न मोजलेला खुर्दा. माणसांची उतरंड लावायची तर लिहिणाऱ्याला पेढीवरचीच उतरंड सुचली, आणि तिच्यात सगळ्यांत वर सोनं नव्हतं, मोती होता.

मोहरेचा हिशेब सरळ असतो. दोन मोहरा एका मोहरेच्या दुप्पट. मोत्याचं तसं नाही. तोच रंग, तोच घाट, तेच पाणी असलेला दुप्पट वजनाचा मोती चौपट किमतीला जातो. हे गणित मुंबईच्या मोतीबाजारात ज्या मापाने होई आणि बसरा मोत्यांचे जुने व्यापारी अजूनही करतात, त्या मापाचं नाव चव. जिभेवरच्या चवीशी त्याचा संबंध नाही. हे सांगायचं कारण म्हणजे माझी मावशी. तिच्या सासूची सात मोत्यांची नथ पुन्हा पटवून घ्यायची होती. ते मोती खरे की खोटे, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, "दाताला लावून बघ की. खरखरला तर खरा." मी लावला. खरखरला. पुढे झवेरी बाजाराच्या एका गल्लीत एका म्हाताऱ्या मोतीवाल्याकडे चव हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला वाटलं तेही दातांचंच प्रकरण असणार.

दाताची परीक्षा खोटी नाही, अपुरी आहे. शिंपल्यातला जीव आपल्या अंगातून अ‍ॅरगोनाइट नावाच्या चुनखडीच्या सूक्ष्म चकत्या एकावर एक रचत जातो आणि मधे एका सेंद्रिय द्रव्याचं लिंपण करतो. एकेक चकती साधारण अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे जवळपास प्रकाशाच्या लहरीच्या मापाची. म्हणून प्रकाश नुसता पृष्ठभागावरून परतत नाही, आतल्या थराथरातूनही परततो. त्याला आपण मोत्याचं पाणी म्हणतो. ह्याच चकत्यांच्या कडा दाताला बारीक वाळूसारख्या लागतात. काच किंवा प्लास्टिक गुळगुळीत सरकतं. थोडक्यात, मोत्याची त्वचा शिंपल्याने घडवली आहे का, एवढंच दात सांगतो. त्वचेखाली काय आहे ते दाताला कळत नाही. शंभर वर्षांपूर्वी अख्खा बाजार बसला तो नेमका ह्या फटीतून.

आधी चव. मोती तोलायचं वजन रत्ती, म्हणजे मुळात गुंज. 24 रत्तींचा एक टांक. एका मोत्याचं वजन रत्तीत घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, त्याला 55 ने गुणून 96 ने भागायचं. आले ते चव. टांकभर वजनाचा एकच मोती असेल तर बरोबर 330 चव भरतात. आता तेवढ्याच वजनाचे एकेका रत्तीचे 24 मोती घ्या. रास असेल तर एकूण वजनाचा वर्ग करून नगांच्या संख्येने भागायचं, अशी रीत आहे. म्हणजे 330 भागिले 24, पावणेचौदा चव. वजन तेच, सगळे मोती सारखेच सुंदर, आणि माप चोविसाव्या हिश्शावर. ह्यानंतर भाव ठरतो तो दर चवाला इतके रुपये असा, आणि पाणी, घाट, रंग, डाग हे सगळं त्या दरात येतं. मला ह्या रचनेचं कौतुक वाटतं. वादाचा भाग आणि मोजमापाचा भाग इतके स्वच्छ वेगळे ठेवलेले फार थोड्या धंद्यांत सापडतील. दराची घासाघीस पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून होई, आपल्याकडच्या बैलबाजारात चाले तशीच. चवाच्या आकड्यावर मात्र घासाघीस नसे.

वर्गच का? मोठा गोल मोती नुसता मोठा नसतो, दुर्मीळ असतो. शिंपल्याला वर्षानुवर्षं जगावं लागतं आणि थर वाकडा पडून चालत नाही. ही गोष्ट मुंबईच्या बऱ्याच आधी कळलेली होती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्यांच्या किमतींचं कोष्टक आहे. चार माषांच्या मोत्याला 5300 कार्षापण, दोन माषांच्या मोत्याला 800, एका माषाच्या मोत्याला 135. भागाकार करून पाहा, तिथली चढण वर्गाहूनही उभी आहे. मात्र त्याच अध्यायात हत्तीच्या मस्तकातले, सापाच्या फण्यावरचे आणि ढगातले मोतीही येतात. किमतीला डोळस आणि उगमाला भाबडा, असं मिश्रण आपल्या जुन्या रत्नग्रंथांत नेहमी दिसतं.

चवाचा जुना भाऊबंद गोव्यात भेटतो. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए ह्याचं प्रवासवर्णन 1676 साली छापलं गेलं. पोर्तुगीजांच्या मुलखात फक्त मोत्यांसाठी चेगो नावाचं निराळं माप चालतं, असं तो लिहितो आणि कॅरट आणि चेगोंचं कोष्टकच देतो. आठ कॅरटला 44 चेगो, दहाला 69, बाराला 100. वजन दीडपट झालं की माप सव्वादोन पटीने वाढतं. वर्गच आहे हा. चेगो आणि चव ह्यांचं नातं कानालाही जाणवतं. मद्रासेकडेही हाच हिशेब होता, फक्त तिथे गुंजेऐवजी मंजाडीच्या बीचं वजन आणि गुणक निराळा. मोती मन्नारच्या आखातातला असो की इराणच्या, तो तोलणाऱ्याला पाढे वर्गाचेच येत होते.

आपण ज्यांना बसरा मोती म्हणतो ते बसऱ्याचे नव्हेत. बसरा हे बंदर. मोती यायचे बहारीनच्या आणि अरबी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातून. उन्हाळ्याचे चार महिने पाणबुडे नाकाला चिमटा लावत, पायाला दगड बांधत आणि एका दमात तळ गाठत. माल पोचे मुंबईला. आखातातले व्यवहार रुपयांत होत आणि मोत्यांचा हिशेब तिथेही चवातच होई. मुंबईत मोती भोकले जात, प्रतवार लावले जात, निळ्या रेशमाच्या आणि चांदीच्या तारेच्या गोंड्यांनी त्यांचे जुडगे बांधले जात आणि ते पॅरिसला रवाना होत. तिकडच्या जवाहिऱ्यांच्या तोंडी त्यांचं नावच 'बॉम्बे बंच' होतं. भोक पाडणं हे काम दिसतं तेवढं किरकोळ नव्हे. कमानीच्या बारीक गिरमिटाने दोन्ही बाजूंनी मध्यावर यायचं, आणि मोती तडकला तर वर्गासकट तडकला.

नकली मोती ह्या सगळ्या काळात होतेच. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत संशयित मोती रात्रभर तेल-मीठ घातलेल्या गरम पाण्यात ठेवायला आणि मग कोरड्या फडक्यात भाताच्या दाण्यांनी चोळायला सांगितलं आहे. रंग उतरला नाही तर खरा. म्हणजे लेप देऊन मोती बनवणारे कारागीर तेव्हाही हुशार होते. सतराव्या शतकात पॅरिसच्या जॅकँ नावाच्या जपमाळा करणाऱ्याने एका छोट्या नदीमाशाच्या खवल्यांची चमक काढून पोकळ काचमण्यांना आतून लावली आणि मणी मेणाने भरला. दिसायला अप्रतिम. पण चमक आत, काच बाहेर. दाताला लागला की पकडला. नकली मोत्याने चवाचं कधी काही बिघडवलं नाही. तो तराजूपर्यंत पोचतच नव्हता.

बिघडवलं ते मिकिमोतोने, आणि खोटं काही न वापरता. 1893 च्या जुलैमध्ये जपानच्या ह्या एकेकाळच्या नूडलविक्याला शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला अर्धगोल मोती मिळाला. पूर्ण गोल मोत्याची युक्ती निशिकावा आणि मिसे ह्या दोघांनी शोधली, आणि 1916 साली तिचं पेटंट मिकिमोतोच्या नावावर लागलं. युक्ती अशी: अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या शिंपल्याचा गोल मणी कातायचा, दुसऱ्या कालवाच्या अंगाचा बारीक तुकडा त्याला चिकटवायचा आणि दोन्ही जिवंत कालवात बसवायचं. कालव त्या मण्याभोवती आपले थर चढवतं. थर अस्सल, पाणी अस्सल, दाताची खरखर अस्सल.

पण वजन? वजन बहुतांशी आतल्या मण्याचं. जपानी समुद्रातल्या अशा मोत्यावर कालवाने चढवलेला थर बहुधा मिलिमीटरभरही नसतो. चवाने वर्ग केला तो कालवाच्या नशिबाचा असं इतकी शतकं समजलं जात होतं. आता वर्ग होत होता कातलेल्या शिंपीचा. वजनावरून दुर्मिळता ओळखण्याची अख्खी भिस्त एका मण्याने काढून घेतली. 1921 साली हे मोती लंडन-पॅरिसच्या बाजारात दिसू लागले तेव्हा व्यापाऱ्यांनी फसवणुकीची ओरड केली. पॅरिसमध्ये खटलाही चालला आणि 1924 साली निकाल जपानी मोत्याच्या बाजूने लागला. मला तो निकाल योग्यच वाटतो. तो मोती खोटा नव्हता. फक्त जुन्या मापात मावत नव्हता.

मग दात, फडकं, भाताचे दाणे सगळं मागे पडलं. लंडनमध्ये मोती तपासायला 1925 साली प्रयोगशाळा निघाली ती ह्याच धास्तीने. क्ष-किरणांत नैसर्गिक मोत्याचे थर कांद्यासारखे मध्यापर्यंत दिसतात आणि कल्चर मोत्यात मण्याचा कडक गोल उठतो. भोकात भिंगाने पाहिलं तर थर आणि मणी ह्यांच्या सीमेची रेष कधीकधी सापडते. नकलीत त्याच जागी लेपाचे पोपडे दिसतात. आज घरी एवढंच करता येतं, आणि बाजारातले बहुसंख्य मोती, अगदी हैदराबादी म्हणून घेतलेलेही, चिनी तळ्यांत वाढवलेले असल्याने खरा प्रश्न 'खरा की खोटा' हा नसतोच. 'नैसर्गिक की वाढवलेला' हा असतो.

किमतींचं काय झालं, त्याला एक उदाहरण पुरे. 1917 साली न्यूयॉर्कमध्ये मेझी प्लांट ह्या बाईंसाठी त्यांच्या नवऱ्याने कार्तिए पेढीचा दोन पदरी मोत्यांचा हार घेतला, आणि मोबदल्यात फिफ्थ अव्हेन्यूवरचा आपला वाडा दिला. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. चाळीस वर्षांनी लिलावात तो दीड लाखाच्या आसपास गेला. वाड्यात अजून कार्तिएचंच दुकान आहे. आखातात मंदीने आणि जपानी मोत्याने पाणबुड्यांच्या होड्या किनाऱ्याला लावल्या, आणि 1932 साली बहारीनमध्ये तेल लागल्यावर त्या परत काढायचं कारण उरलं नाही. मात्र कल्चर मोत्यांच्या व्यापाराला बहारीनने आजही बंदी ठेवली आहे. इतक्या वर्षांनी नैसर्गिक मोती पुन्हा चढला: बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या सात पदरी हारातले मोती दोन पदरांत 2007 साली न्यूयॉर्कला सत्तर लाख डॉलरच्या वर विकले गेले.

झवेरी बाजारातल्या त्या म्हाताऱ्याने मावशीच्या नथीतले मोती सोडवून काट्यावर ठेवले, भोकं भिंगातून पाहिली आणि म्हणाला, बसराच दिसतायत, खात्री हवी तर क्ष-किरण काढून घ्या. सात मोती, मिळून तीन रत्ती. तिनाचा वर्ग नऊ, गुणिले पंचावन्न, भागिले शहाण्णव, भागिले सात. कागदाच्या कपट्यावर त्याने आकडा लिहून आमच्याकडे सरकवला: पाऊण चवाला थोडा कमी. तपासणीची फी मोत्यांच्या किमतीहून जास्त पडली असती. मावशीने कपटा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "पटवायचे किती घेणार?"