पेल्टिअरचा थंडावा आणि पेण-रोह्याची हवा

आषाढात पेणला गणपतीच्या मूर्ती लवकर वाळत नाहीत, हे तिथल्या मूर्तिकारांना कोणी सांगावे लागत नाही. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर विजेच्या आधारे गार करू पाहणाऱ्याला हीच हवा आडवी येते. आजचा धागा त्या थंडाव्याच्या इतिहासाचा.

१८२१ मध्ये झेबेक यांनी दोन भिन्न धातू जोडून एक सांधा तापवला, तेव्हा शेजारची चुंबकसूची हलली. १८३४ मध्ये पॅरिसच्या जाँ पेल्टिअर यांनी उलट वाट धरली. हे गृहस्थ मूळचे घड्याळजी. सांध्यातून वीज सोडताच एक बाजू तापते, दुसरी निवते, असे त्यांना आढळले. १८३८ मध्ये लेन्झ यांनी बिस्मथ-अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवला आणि प्रवाह उलटा करून तो वितळवला.

त्याच दशकात अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजांनी हिंदुस्थानात येऊ लागला होता. एका थेंबाचे अप्रूप कोणाला! शिवाय धातूंतून उष्णता सहज परत वाहते, त्यामुळे हा थंडावा टिकत नसे. १९५४ मध्ये गोल्डस्मिड यांनी बिस्मथ टेल्युराइड वापरून दाखवले, तेव्हा कुठे त्याला व्यवहारात जागा मिळाली.

याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक घडत होता. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, आणि प्रत्येकीतला तंतू तापल्याशिवाय ती चालणारच नाही. गणनेबरोबर उष्णता येते, हा धडा आपल्याकडे तेव्हापासूनचा.

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. हौशी मंडळी तो ३०० वरून ४५० मेगाहर्ट्झवर नेत. काहींनी पेल्टिअर फरशीची थंड बाजू प्रोसेसरवर बसवली. मात्र उष्णता नाहीशी होत नाही. प्रोसेसर ६० वॅट देत असेल आणि फरशी स्वतः ८० वॅट खात असेल, तर मागच्या हीटसिंकला १४० वॅट बाहेर टाकावे लागतात. पंखा दुबळा असेल, तर गार बाजूही हळूहळू तापते.

आता आपल्या हवेचा हिशेब. तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २७ अंश. म्हणजे रोह्यात कुंडलिकेकाठच्या खोलीत पट्टी जेमतेम तीन अंशांनी निवली, तरी मदरबोर्डवर पाणी! सॉकेटभोवती बंद छिद्रांचा रबरी फोम आणि पिनांपाशी सिलिकॉन ग्रीस, हा बंदोबस्त कोरड्या देशातील हौशी माणसाला सावधगिरी वाटेल. इथे त्यावाचून यंत्र चालू करणेच अविचाराचे. माझ्या मते त्याहून शहाणा उपाय म्हणजे फरशीचा व्होल्टेज आवरून पट्टी दवबिंदूच्या वरच राखणे. मग थंडावा थोडा, पण कोरडा.

पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म या महासंगणकातही पेल्टिअर नाही. तिथे प्रोसेसरला भिडलेल्या पट्ट्यांतून द्रव फिरतो आणि उष्णता वाहून नेतो.