बायबलचा वर्ग आणि मजुरांची सभा

कामगार चळवळीतल्या माणसाने बायबलवाचनाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. धर्म ही गरिबाची गुंगी, हे आम्हीही ऐकत आलो; त्यात तथ्य नाही असे नाही. पण इंग्लंडातील मजूर संघटनांचा इतिहास चाळू लागले की आठवडाभर नांगरामागे चालून रविवारी प्रवचन करणारा माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. हा काय प्रकार आहे?

१७४२ साली ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्लीच्या मेथॉडिस्ट मंडळीवर प्रार्थनागृहाचे कर्ज झाले होते. एका सभासदाने तोड काढली. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. बाराजणांचा एक वर्ग करावा. वर्गाच्या म्होरक्याने घरोघर जाऊन पैसे जमवावेत आणि ज्याला देणे जमत नाही त्याची पेनी आपल्या पदरची घालावी. (वर्गणी गोळा करणाऱ्याचे पाय कसे दुखतात, ते आम्हांला विचारा!) लवकरच घरोघर हिंडण्याऐवजी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे ठरले. तिथे बायबलच्या कसोटीवर प्रत्येकाने आपल्या आठवड्याची हकिकत सांगायची. मोलकरीण असो की खाणमजूर, पाळी आली की बोलावे लागे. ज्यांचे मत जन्मात कोणी विचारले नव्हते, अशांना बोलण्याची सवय इथे लागली.

शिवाय हे पुस्तकही एका सुराचे नाही. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सत्तेच्या अधीन राहा म्हणतो. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय शेत कापणाऱ्यांची मजुरी दाबून ठेवणाऱ्या धनवानांना झोडपतो. पाद्री एकटा वाचतो तेव्हा कोणते पान उघडायचे ते तोच ठरवतो. दहाजण मिळून वाचू लागले की दुसरे पान काढून दाखवणारा कोणीतरी निघतोच. रविवारच्या शाळांत गरिबांच्या मुलांना वाचायला शिकवावे पण लिहायला नको, असा आग्रह मेथॉडिस्ट धुरीणांनीच धरला होता. कारण दिले ते रविवारच्या पावित्र्याचे!

आता टॉलपडलची गोष्ट. डॉर्सेट परगण्यातले हे लहानसे खेडे. तिथला शेतमजूर जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट उपदेशक. पोटाला चिमटा घेऊन त्याने धर्मग्रंथांचा छोटा संग्रह केला होता. आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८ वर आली, मग ७ वर. पुढे ६ होणार अशी बोली निघाली. तेव्हा ऑक्टोबर १८३३ मध्ये लव्हलेसने शेतमजुरांचे मंडळ काढले. प्रवेश फी एक शिलिंग, मग आठवड्याला एक पेनी. तीच ब्रिस्टलची पेनी! हिंसेने आपला हेतू कधीच साधणार नाही, हेही नियमांत लिहिलेले होते. संघ काढणे १८२४ पासून बेकायदा नव्हते. म्हणून आरमारातील बंडानंतर केलेला १७९७ चा गुप्त शपथांविरुद्धचा कायदा उकरून काढण्यात आला. मार्च १८३४ मध्ये सहाजणांना सात वर्षे ऑस्ट्रेलियाकडे हद्दपारीची शिक्षा झाली. सहापैकी पाच मेथॉडिस्ट होते. देशभर आंदोलन झाले आणि १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली.

मेथॉडिस्ट पंथाने कारखानदारांना शिस्तीत राबणारा मजूर तयार करून दिला, असे ई. पी. टॉम्सन यांनी १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे. ते आम्हांला मान्य आहे. पण वेळेवर येणे, हिशेब चोख ठेवणे, दुसऱ्याचे संपेपर्यंत आपण न बोलणे, ही शिस्त मजुरालाही उपयोगी पडली. ज्यांनी आमच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना शेवटच्या गुणाचे मोल अधिक सांगायला नको.

वेस्लीच्या मूळ पंथातून फुटलेल्या प्रिमिटिव्ह मेथॉडिस्टांत तर उपदेशक बहुतेक कष्टकरीच. जोसेफ आर्च हा कुंपणे छाटणारा मजूर त्यांतलाच. ७ फेब्रुवारी १८७२ रोजी वेल्सबर्न गावी त्याला बोलावले होते. तीसेक माणसे येतील असा अंदाज होता, जमली हजारावर. अंधार पडला, तेव्हा मजुरांनी घेवड्याच्या वेलांच्या काठ्यांना कंदील टांगले. चेस्टनटच्या झाडाखाली एका जुन्या स्टुलावर उभा राहून आर्च बोलला, आणि त्याच रात्री दोन-तीनशे नावे लिहून घेण्यात आली.