‘तक्षीम’ शब्दाचे अर्थ : वतनी कागदांच्या वाचनासंबंधीं एक सूचना

जुन्या वतनी कागदांत मोडी अक्षर लागलें म्हणजे अर्थही लागला, असें समजण्याची चूक वारंवार होते. अक्षर स्पष्ट असूनही ज्यांचा अर्थ निसटतो अशा शब्दांपैकीं ‘तक्षीम’ हा एक होय. ‘वांटणी’ हा एकच प्रतिशब्द देऊन वाचक बहुधा पुढें जातो. परंतु तो सर्वत्र लाविल्यास अविभक्त वतन विभक्त ठरतें व भाऊबंदांचे संबंध उलटेसुलटे होतात. यास्तव या शब्दाचे निरनिराळे अर्थ एके ठिकाणीं मांडण्याचें योजिलें आहे.

शब्द मूळ अरबी, ‘तक्सीम’ असा. क्, स्, म् या तीन व्यंजनांच्या धातूपासून तो झाला असून ‘भाग करणें’ हा त्या धातूचा अर्थ आहे. आपल्या परिचयाचे ‘किसम’ म्हणजे प्रकार व ‘किस्मत’ म्हणजे नशीब हे शब्द त्याच कुळांतले. वांट्यास जें आलें तेंच नशीब, ही कल्पना त्यांत आहे. उत्तर हिंदुस्थानांत इंग्रजी अमदानींत कमिशनरच्या अंमलाखालील मुलुखासही उर्दूंत ‘किस्मत’ म्हणत. उलट ‘किस्त’ व ‘हिस्सा’ हे अर्थानें जवळचे असले तरी त्यांचे धातु निराळे होत.

मराठी लेखकांनीं ‘क्स’चा ‘क्ष’ केला. ‘बख्शिश’चें ‘बक्षीस’ झालें तें असेंच. या लेखनामुळें शब्द संस्कृत दिसूं लागतो, आणि तासणें, तोडणें या अर्थाच्या ‘तक्ष्’ धातूशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो संबंध मुळींच नाहीं. अशा शंकांच्या वेळीं माधवराव पटवर्धन यांचा १९२५ सालचा फार्शी-मराठी कोश हाताशीं असावा.

आतां अर्थ पाहूं. पहिला अर्थ विभागणीची क्रिया. दुसरा, त्या क्रियेनें ठरलेला हिस्सा. ज्याचा हिस्सा तो ‘तक्षीमदार’. तिसरा, हिस्सा धारण करणारी घराण्याची शाखा. थोरली तक्षीम, धाकटी तक्षीम असें म्हटलें असतां जमीन नव्हे तर माणसें अभिप्रेत असतात. चौथा, सरकारी मागणीची किंवा गांवखर्चाची आकारणी ज्याच्या त्याच्या अंगावर बसविणें. पांचवा अर्थ गणितांतला. जमा, तफरीक, जरब व तक्सीम हीं फार्शी व उर्दू हिशेबांतलीं बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांचीं नांवें होत.

यांपैकीं दुसरा अर्थ सर्वांत घोटाळ्याचा आहे. समजा, एका गांवची पाटीलकी दोघां भावांत निमेनिम होती, आणि धाकट्यास तीन पुत्र झाले. त्या प्रत्येकाची तक्षीम एकषष्ठांश. पण पाटीलकी ही कांहीं शेताप्रमाणें बांध घालून तोडतां येत नाहीं. इनाम जमीन वांटतां येईल, हक्काचें धान्य मापून देतां येईल. परंतु कागदावर नांगराची निशाणी प्रथम कोणीं करावयाची, पोळ्यास कोणाचा बैल पुढें चालावयाचा, होळीची पोळी कोणाची, पहिला विडा कोणाचा, हें कापून कसें द्यावें? असे मान वांटण्याचे दोनच मार्ग होते. एक क्रमाचा, म्हणजे थोरल्यानें आधीं व धाकट्यानें मागून; दुसरा पाळीचा. म्हणूनच सारख्या तक्षिमेचे दोघे असूनही वडीलपणाचे तंटे गोतसभेपुढें येत, आणि महजरांतून मानपानाचा तपशील इतक्या बारकाईनें लिहिला जाई.

तात्पर्य, तक्षीम हक्काची होते. वस्तु वेगळी झालीच असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. हा भेद आपल्या धर्मशास्त्रास ठाऊक होता. समुदायरूप द्रव्यावर अनेकांचें स्वामित्व असतां त्याची एकेका अंशावर व्यवस्था लावणें तो विभाग, असें मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें सांगितलें आहे. १८६६ सालीं अप्पोव्हियर विरुद्ध रामसुब्बा अय्यन या मद्रास इलाख्यांतील दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलानेंही हक्काची विभागणी निराळी व प्रत्यक्ष मालमत्तेची निराळी असें ठरविलें. १९६२ च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील मुलकी पाटलांचें वंशपरंपरागत पद गेलें, तरी कुळाच्या शाखा व ज्येष्ठत्व ठरवितांना हाच भेद संशोधकास उपयोगी पडतो.

कागद वाचतांना तीन गोष्टी पाहाव्या. शब्दाशेजारीं अपूर्णांक आहे, माणसाचें नांव आहे, कीं रकम आहे? अपूर्णांक असल्यास बहुधा हिस्सा, नांव असल्यास बहुधा शाखा, वसुलाची रकम असल्यास बहुधा आकारणी. प्रत्यक्ष वांटणी झाली असें म्हणावयाचें तर निराळ्या चतुःसीमा, निराळा वहिवाटीचा पुरावा किंवा वांटणीपत्र हवें. केवळ ‘तक्षीम’ या शब्दावर तो भार टाकूं नये.

या शब्दाचा प्रवास महाराष्ट्राबाहेरही मोठा आहे. इस्तंबूल शहरांतील प्रसिद्ध तक्सीम चौकाचें नांव १७३२ च्या सुमारास पहिल्या महमूद सुलतानाच्या कारकीर्दींत तेथें झालेल्या पाणी वांटून देण्याच्या व्यवस्थेवरून पडलें. तेथें वेगळें न करतां पुरविणें हा भाव प्रधान. तर १९४७ च्या घटनेस उर्दूंत ‘तक्सीम’ म्हणतात तेव्हां तोडणें हाच भाव प्रधान. मराठींत त्या घटनेस आपण ‘फाळणी’ हा शब्द योजिला. त्याच्याच नात्यांतला ‘फाळा’ म्हणजे अंगावर बसलेली पट्टी, हें ‘घरफाळा’ शब्दांत आजही दिसतें. म्हणजे आपल्या घरच्या शब्दानेंही तीच वाट चोखाळली. आजच्या ‘फाळणी’चा अर्थ मनांत ठेवून जुनी ‘तक्षीम’ वाचली, तर जें एकत्र नांदत होतें तेंही आपण आपल्या हातानें तोडूं. एवढें ध्यानांत राहिलें तरी या टिपणाचें काम झालें.