हलव्याचा काटा, केकवरचं फूल आणि दाभोळची हवा

माझा विषय ऐकल्यावर समोरचा माणूस हमखास एक प्रश्न विचारतो. "घरगुती गोडाची सजावट? यात संशोधन कसलं?" आणि लगेच पुढचं वाक्य येतं: "केकबिक आपले नव्हेतच, ते साहेबाचं खूळ." मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी.साठी इतिहासात शिरले आहे, त्यामुळे या दोन्ही वाक्यांना उत्तर देणं हे माझं कामच आहे. आजची पोस्ट त्यासाठी. उदाहरण म्हणून दापोली तालुक्यातलं दाभोळ घेऊ, कारण समुद्र, दमट हवा आणि जुना व्यापार हे तिन्ही तिथे एकत्र सापडतात.

आधी 'आपलं' आणि 'परकं' यांचा हिशोब करू. संस्कृतातली 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर' आणि पुढे इंग्रजीत 'शुगर'. 'खंड' म्हणजे आपली खांड, ती फारसी-अरबीत 'कंद' झाली आणि तिचीच पुढे 'कँडी' झाली. उलटा प्रवासही आहे. एकेकाळी मॉरिशसहून येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र साखरेला मराठीत 'मोरस साखर' म्हणत. म्हणजे शब्द इथून गेला आणि माल तिथून आला! दाभोळ तर वाशिष्ठीच्या मुखावरचं मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी भारत फिरून परत निघाला तो दाभोळहूनच, होर्मुझला जाणाऱ्या गलबतातून. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे बंदर जाळलं. अशा किनाऱ्यावर कुठला गोड पदार्थ कितपत शुद्ध देशी, हे ठरवत बसण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

साखर फक्त खायची नसते, मांडायचीही असते, ही कल्पनासुद्धा साहेबाची नाही. अकराव्या शतकात नासिर खुस्रो हा इराणी प्रवासी कैरोला गेला होता. सुलतानाच्या मेजवानीत त्याने साखरेचं केलेलं संत्र्याचं झाड पाहिलं, फांद्या-पानांसकट. युरोपात ही हौस पुढे वाढत गेली. 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाचा केक सुमारे 300 पौंडांचा, म्हणजे साधारण 136 किलोंचा होता. त्यावरचं पांढरं आयसिंग म्हणजे श्रीमंतीची जाहिरात. जितकी साखर शुद्ध तितकी ती पांढरी, आणि जितकी पांढरी तितकी महाग.

आता आपल्या घरात या. संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून अंगावर हलव्याचे दागिने घालतात. लहान मुलाच्या बोरन्हाणालाही तेच. काळ्यावर पांढरं उठून दिसतं, हे त्यामागचं साधं दृश्यशास्त्र. गुढीपाडव्याला साखरेच्या गाठी असतात. लग्नात रुखवत असतो: ताटांत रचलेले लाडू, करंज्या, अनारसे, रंगीत चिरोटे, वर कागदी फुलं, आणि सगळं पाहुण्यांना नीट दिसेल असं मांडलेलं. घरी केलेला गोड पदार्थ खास प्रसंगासाठी सजवून लोकांसमोर ठेवणं, अशी व्याख्या केली तर वाढदिवसाचा केक रुखवताच्या रांगेत सहज बसतो. भट्टीचंही तसंच. कोकणात काकडीचं धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजायची रीत आहे. ओव्हन नव्हता, पण दोन्ही बाजूंनी उष्णता द्यायची ही युक्ती माहीत होती. पुढे कुकरमध्ये वाळू किंवा मीठ घालून केक होऊ लागला, तोही याच युक्तीवर.

विज्ञान कुठे आहे? हलव्याच्या काट्यात!

100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते. 100 अंशांच्या आसपास तेवढ्याच पाण्यात 480 ग्रॅमच्या वर मावते. गरम पाक निवला की ही जास्तीची साखर 'अडचणीत' येते. तिला बाहेर पडायचं असतं, पण बसायला जागा लागते. तीळ, खसखस, साबुदाणा ही ती जागा. मंद आचेवर परातीत दाणे ठेवायचे, चमचाभर पाक घालायचा, बोटांनी हलवत राहायचं, सुकला की पुन्हा चमचाभर. दाण्यावर आधी आलेल्या बारीक उंचवट्यांवर पुढचा थर बसत जातो आणि काटा वाढतो. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते. म्हणून हे काम तीन-तीन, चार-चार दिवस चालतं.

गंमत म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमध्ये ह्यू प्लॅट याने बायकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात जवळपास हीच कृती आहे. निखाऱ्यांवर टांगलेलं भांडं, बडीशेपेसारखे दाणे, थोडाथोडा पाक आणि हाताने हलवणं. काटेदार हवे असतील तर पाक जास्त आटवा, असंही तो सांगतो. दोन दूरच्या स्वयंपाकघरांत एकच कृती सापडली की आपण 'कोणी कोणाची उचलली' असं विचारतो. पण साखरेचे नियम दोन्हीकडे एकच असतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

गाठीचं तंत्र वेगळं. तिथे दाट पाक साच्यात पटकन गोठवतात, म्हणून स्फटिक बारीक आणि एकमेकांत गुंतलेले. केकवरच्या फाँडंटचं याच्याही पुढचं. त्यात ग्लुकोज मिसळतात, ते साखरेच्या स्फटिकांना मोठं होऊच देत नाही, म्हणून फाँडंट कणकेसारखं मळता येतं. थोडक्यात, हलव्यात स्फटिक मुद्दाम वाढवायचा आणि फाँडंटमध्ये मुद्दाम खुरटा ठेवायचा.

आता दाभोळची हवा. 25 अंशांना हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या वर गेली की साखर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ही मर्यादा कितीतरी वेळा ओलांडली जाते. म्हणून हलव्याचं काम जानेवारीत जमतं, जुलैत नाही. संक्रांत आणि हलवा यांची जोडी मोडून श्रावणात नेली असती तर दागिन्यांचा पाक झाला असता. केकवाल्या ताईंनाही हेच गणित सोडवावं लागतं. दुधाचं क्रीम 35 अंशांच्या आसपास पार ढेपाळतं, म्हणून इथे वनस्पती चरबीचं व्हिप क्रीम चालतं. फ्रिजमधून काढलेला फाँडंट केक दमट हवेत आणला की त्याला 'घाम' येतो. तो आतून येत नाही, गार पृष्ठभागावर हवेतली वाफ दवासारखी जमते. केक दाभोळहून फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला न्यायचा असेल तर खोका बंद ठेवून केक आतल्या आतच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. म्हणजे दव खोक्यावर जमतं, फुलावर नाही.

पण हा इतिहास फक्त कौतुकाचा नाही. रुखवत ही मुलीच्या हातांची परीक्षा होती, आणि खर्च तिच्या माहेरचा. हलव्याचे दागिने, हळदीकुंकू हे सवाष्णींचं. विधवा बाई घरात राबणार, चार दिवस परातीपुढे बसून बोटं भाजून घेणार, पण समारंभाच्या पाटावर तिला जागा नसे. याच दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. गोडाच्या सजावटीचा इतिहास लिहिताना 'कोणी केलं' आणि 'कोणाला मिरवू दिलं' हे दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात, ते यासाठी.

दुसरी अडचण नोंदीची. कमलाबाई ओगल्यांच्या 1970 च्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापं देऊन लाखो घरांना नेमकेपणा दिला, आणि ते मोठंच काम होतं. पण पाक बोटाला कसा लागला की थांबायचं, परात किती तापली की हात काढायचा, हे ज्ञान वाटीत मावत नाही. ते हातात राहतं आणि हाताबरोबर जातं. आज हलव्याचे दागिने तयार मिळतात. ते वाईट नाही, करणाऱ्या बायकांना त्यातून पैसे मिळतात. मात्र घरातली शेवटची करणारी आजी गेली की तिच्या पद्धतीची नोंद कुठल्याच कागदावर उरत नाही.

केकच्या बाबतीत एक गोष्ट मला खरंच नवी वाटते. पूर्वी सजावटीचं श्रेय 'घराला' मिळायचं, आता खोक्यावर करणारीचं नाव असतं आणि ती दर सांगते. तरीही "घरीच तर करतेस, एवढे कसले?" हा प्रश्न सुटलेला नाही. त्याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे: तीन दिवसांची मंद आच, आर्द्रतेशी झगडा आणि न थरथरणारा हात. याला कौशल्य म्हणायचं की हौस, यावर त्याची किंमत ठरते. माझ्या प्रबंधाचा अर्धा भांडणतंटा याच एका शब्दावरून आहे.

तुमच्या घरात कोणी हलवा करत असेल तर या संक्रांतीला एक काम करा. शेजारी बसून वेळ लिहा, पाकाचं तापमान मोजा, आणि सर्वात वर करणारीचं नाव लिहा, तिच्या परवानगीने. पुढच्या पोस्टमध्ये गाठीच्या लाकडी साच्यांकडे वळू.