जड चाक, हलकं चाक : फ्लायव्हीलच्या वजनाचा इतिहास

आज आपण फ्लायव्हीलबद्दल बोलणार आहोत. कुंभाराचं चाक आठवा. काठीने एकदा जोरात फिरवलं की ते बराच वेळ फिरत राहतं, कारण ते जड असतं. इंजिनातलं फ्लायव्हील तेच करतं. धक्का मिळाला की ऊर्जा साठवतं आणि पुढच्या धक्क्यापर्यंत पुरवतं.

आता इतिहासाकडे वळू. 1780 मध्ये जेम्स पिकार्डने वाफेच्या इंजिनाला क्रँक जोडण्याचं पेटंट घेतलं. जेम्स वॅटला दुसरी वाट शोधावी लागली. 1781 मध्ये त्याने सूर्य-ग्रह गिअरचं पेटंट घेतलं. गंमत बघा : या रचनेत पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत फ्लायव्हील दोनदा फिरतं. वेग दुप्पट झाला की साठणारी ऊर्जा चौपट होते, तीही तेवढ्याच वजनात! म्हणजे सगळं काही वजनावर नसतं, वेगही मोजावा लागतो.

पुढे 1876 मध्ये निकोलाउस ओटोचं चार-स्ट्रोक इंजिन आलं. त्यात दोन फेऱ्यांत एकदाच ताकदीचा धक्का मिळतो. उरलेले तीन स्ट्रोक कोण ओढणार? फ्लायव्हीलच. म्हणून एका सिलिंडरच्या इंजिनाला जड चाक लागतं. सिलिंडर वाढले, धक्के लवकर-लवकर मिळू लागले, तसं चाक हलकं ठेवता आलं.

1955 पासून मद्रासला बनू लागलेली बुलेट आपल्या ओळखीची आहे. तिचं जुनं इंजिन 346 सीसी, एकच सिलिंडर, आत जड फ्लायव्हील. घाटात वेग पडला तरी ती डुगडुगत चढते, पटकन बंद पडत नाही. पण रेस दिल्याबरोबर उसळतही नाही.

मग चाक हलकं केलं तर इंजिनाची ताकद वाढते का? नाही. स्थिर वेगावर ताकद तेवढीच राहते. वाचते ती फक्त चाकाचा वेग वाढवण्यात खर्च होणारी ऊर्जा. म्हणून फरक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणवतो, वरच्या गिअरमध्ये फारसा नाही. शर्यतीत याचा उपयोग होतो. रोजच्या रहदारीत मात्र क्लच सोडताना इंजिन बंद पडतं, उभ्या गाडीत थरथरतं.

आणखी एक. ओतीव लोखंडाचं चाक मन मानेल तसं घासलं, तर ते भर वेगात फुटू शकतं, आणि बऱ्याच मोटारींत ते चालकाच्या पायांजवळच असतं. तेव्हा वजन कमी करण्याआधी आपण एवढंच विचारू : गाडी चालवायची आहे कुठे?