संपर्काची रुजवात

दूरदेशीच्या हौशी रेडिओचालकाशी क्षणमात्र संभाषण घडले याचा दाखला म्हणून परिचयचिन्ह, तारीख, वेळ आणि तरंगपट्टी नोंदलेली क्यूएसएल कार्डे टपालाने मागवायची, आणि किमान 100 प्रदेशांची जमली की डीएक्ससीसी सनदेसाठी अमेरिकेतील ए.आर.आर.एल. या संस्थेकडे रुजू करायची, अशी वहिवाट दशकानुदशके चालली. 2003 साली याच संस्थेने ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ हे ऑनलाइन दफ्तर उघडले: रेडिओ-स्पर्धेतील संपर्कांची, कॅब्रिलो या ठरावीक संगणकीय धाटणीतील यादीही अंकीय स्वाक्षरीची मोहोर उमटवून येथे दाखल करता येते, वेळेतला 30 मिनिटांपर्यंतचा फरक माफ असतो, परंतु उभयतांच्या नोंदी जुळल्यावाचून, चालक कितीही सज्जन असो, संपर्क मंजूर होत नाही. गंमत अशी की, टपालाला फाटा देणाऱ्या या व्यवस्थेत अमेरिकी परवानाधारकाच्या पत्त्याची शहानिशा करणारा संकेतशब्द मात्र पोस्टकार्डानेच जाई. परदेशस्थांना परवान्याची नक्कल सादर करावी लागे.