पडद्यावरील तृतीयपंथी आणि प्रेक्षकांचा कौल

कन्नड अभिनेते संचारी विजय यांना 'नानु अवनल्ल... अवळु' या चित्रपटातील भूमिकेसाठी २०१४ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'मी तो नव्हे, ती' असा या शीर्षकाचा अर्थ होतो. लिविंग स्माइल विद्या यांच्या तामिळ आत्मचरित्रावर बी. एस. लिंगदेवरू यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. गावात मुलगा म्हणून वाढलेला मादेश शहरात येऊन विद्या होतो, हे त्याचे कथासूत्र आहे. पुरस्कार मार्च २०१५ मध्ये जाहीर झाला. सर्वसामान्य प्रेक्षकांना चित्रपट पाहायला मिळाला तो मात्र त्यानंतर, सप्टेंबरमध्ये. रंगभूमीवर घडलेल्या या अभिनेत्याचे जून २०२१ मध्ये बंगळूरात दुचाकीच्या अपघातानंतर निधन झाले. जयनगरच्या दक्षिणेस असलेल्या जे. पी. नगर भागात हा अपघात झाला होता.

मराठी वाचकांना यावरून 'जोगवा'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. राजीव पाटील दिग्दर्शित या चित्रपटातील तायाप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना २००८ या वर्षाचा हाच पुरस्कार मिळाला होता. राजन गवस यांच्या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची कथा यांवर हा चित्रपट आधारलेला आहे. त्यामागील यल्लम्मादेवीच्या जोगत्यांची परंपरा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषकांची आहे. देवीचे मुख्य स्थान असलेले सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात येते.

दोन्ही भूमिकांना समीक्षकांनी सारख्याच आदराने गौरवले असले, तरी त्या एकाच जातीच्या नाहीत. तायाप्पा हा देवीला वाहिल्यामुळे लुगडे नेसावे लागलेला पुरुष आहे. त्याची सुटका व्हावी, असे प्रेक्षकाला वाटते आणि चित्रपटही त्याच दिशेने जातो. विद्याला मात्र सुटका हवी आहे ती पुरुष म्हणून जगण्यातून. तिच्या बाजूने उभे राहणे प्रेक्षकाला अधिक अवघड जाते. कन्नड चित्रपटाचे मोल येथे अधिक आहे, असे म्हणावे लागेल.

त्याआधीचे चित्र निराळे होते. १९९१च्या 'सडक' या हिंदी चित्रपटात सदाशिव अमरापूरकर यांनी कुंटणखाना चालवणारी 'महाराणी' रंगवली. प्रेक्षक तिला घाबरले. अमरापूरकरांना खलभूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. अभिनय थोर होता, यात शंका नाही. पण तृतीयपंथी म्हणजे भय किंवा चेष्टा, हे समीकरण त्याने पक्केच केले.

या तिन्ही भूमिका पुरुष नटांनी केल्या. स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व ज्या समाजाने डोक्यावर घेतले, त्याला यात काही खटकले नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मान्य केल्यानंतर मात्र हा प्रश्न मोठ्याने विचारला जाऊ लागला. त्या खटल्यातील एक याचिकाकर्त्या गौरी सावंत २०१७ मध्ये एका औषधाच्या जाहिरातीत स्वतःच झळकल्या आणि ती जाहिरात लोकांना भावली. २०२३ मध्ये त्यांच्याच जीवनावर रवी जाधव यांनी 'ताली' ही मालिका केली, तेव्हा भूमिका सुश्मिता सेन यांच्याकडे गेली. सेन यांच्या कामाची प्रशंसा झाली. पण तृतीयपंथी अभिनेत्रीला संधी का नाही, अशी विचारणाही झाली.

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात, जेथे कलाकाराचा बहुधा केवळ आवाज आणि हालचाली वापरल्या जातात, तेथेही हाच वाद आहे. १९८९च्या 'फायनल फाइट' या जपानी गेममधील पॉयझन ही व्यक्तिरेखा अमेरिकेतील घरगुती आवृत्तीत काढून तिच्या जागी पुरुष घालण्यात आला. २०२० मध्ये 'टेल मी व्हाय'मधील टायलर आणि 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागातील लेव्ह या पारलिंगी व्यक्तिरेखांसाठी पारलिंगी कलाकारच निवडले गेले. यांपैकी दुसऱ्या गेमवर अनेक खेळाडूंनी इंटरनेटवर संतप्त टीका केली, आणि त्याच वर्षअखेरीस 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो वर्षातील सर्वोत्कृष्ट गेम ठरला.